उशी चिन्हाच्या बाईंचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. छपरावर बसवतात तो नव्हे. एका हाताने धरायचा, खटका दाबायचा आणि तोंडाजवळ नेऊन बोलायचे, तो. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग पातळ चहासारखा झाला आहे.

कारखान्यात तपासणी करणाऱ्या एका मुलीने माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हटले आणि लगेच मला खोक्यात घातले. खोके उघडले ते एका शाळेत. तिथे मी पीटीच्या बाईंच्या हाती पडलो. बाई ठेंगण्या, आवाज बेताचा. पण माझ्यातून त्या "रांग सरळ!" म्हणाल्या की पलीकडच्या रस्त्यावरची माणसेसुद्धा ताठ चालू लागत. उन्हातान्हात आम्ही शाळेच्या मैदानावर कितीतरी पोरांना पळायला लावले. बक्षीस समारंभात मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणायचे, "हा आहे म्हणून शाळा आहे." मला फार बरे वाटे. पुढे शाळेने खांबांवर मोठे कर्णे बसवले आणि मी हवा गेलेल्या चेंडूंबरोबर कपाटात जाऊन पडलो. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारून, म्हणजे शाळेला विचारून, घरी नेले.

घरात दोघीच. बाई आणि त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारले, तेव्हापासून या नणंदा-भावजया एकत्र राहतात. वहिनींचे गुडघे अधू आणि जीभ तिखट. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला टांगलेला असे. दिवस निवांत चालले होते.

मग एका सकाळी शाळेच्या मैदानाभोवती पत्रे उभे राहिले. आत दुकानांची इमारत होणार होती. बाई वॉर्डाच्या नगरसेवकांकडे गेल्या. त्यांना सगळे 'दादा' म्हणत. दादांनी सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "एवढी कळकळ असेल तर तुम्हीच उभ्या राहा ना बाई निवडणुकीला!" खोलीतले सगळे खो खो हसले.

बाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि खरोखरच उभ्या राहिल्या.

चिन्ह मिळाले उशी. बाईंचा चेहरा पडला. वहिनी म्हणाल्या, "वाईट काय त्यात? तुमचं भाषण ऐकून लोक डुलक्या घेतील, तेव्हा कामाला येईल."

असा आमचा प्रचार सुरू झाला. दादांकडे गाड्या होत्या, झेंडे होते, माणसांची फौज होती. आमच्याकडे मी होतो, चहाचा थर्मास होता आणि वहिनींनी जुन्या उशीला काठी बांधून केलेली एक निशाणी होती. रोज सकाळी जिने चढायचे, बेल वाजवायची. दार साखळीपुरते उघडे. "बाई, तुम्ही मला शिकवलंय हो," आतून कुजबुज येई, "पण आमच्या ह्यांचं दुकान आहे खाली. तुम्ही समजून घ्या." बाई समजून घेत आणि पुढच्या दाराची बेल वाजवत. चौकात मात्र त्या मला तोंडाजवळ धरून बोलत. मित्रांनो, भोंग्याला शब्दांच्या आधी श्वास ऐकू येतो. लोकांना बाईंचा आवाज खणखणीत वाटे. मला आधीचा तो तुटका, कापरा श्वास कळे. बाई पहिल्या दिवसापासून घाबरलेल्या होत्या.

घाबरण्यासारखे होतेच. एक राखाडी गाडी आमच्या मागे येऊ लागली. आम्ही थांबलो की ती थांबे. काचा काळ्या, आतून कधी कुणी उतरले नाही. बाई सारख्या मागे वळून बघू लागल्या. एके दिवशी घरी परतलो तर दाराच्या कुलपात कुणीतरी गोंद भरून ठेवला होता. कुलूपवाला येईपर्यंत दोघी जिन्यात बसून राहिल्या. शेजाऱ्यांच्या दारांतली भिंगाची भोके अंधारत होती, उजळत होती. दार एकानेही उघडले नाही. कुलूपवाल्याने काम केले आणि हळूच म्हणाला, "मी इथे आलो होतो, हे कुणाला सांगू नका."

त्यानंतर एक गोडबोल्या आला. दादांचा माणूस. केस चापूनचोपून बसवलेले, बोलणे मधाळ. वहिनी आत आडव्या झाल्या होत्या. तो खुर्चीत बसला, बिस्किट खाल्ले, घर छान ठेवलंय म्हणाला. मग सहज विचारावे तसे विचारले, "वहिनी रोज सकाळी एकट्याच फिरायला जातात ना?"

बाईंनी त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलली.

"मोठ्या चौकात रस्ता ओलांडतात. सिग्नल सुटतो तरी अर्ध्यातच असतात बिचाऱ्या. गुडघे ना! सांभाळायला सांगा हो त्यांना. गाडीवाले हल्ली कुणाकडे बघत नाहीत."

तो गेला तरी बाई तशाच बसून होत्या. मग उठल्या, मला खुंटीवरून काढले आणि माझ्यातले सेल एकेक करून बाहेर काढू लागल्या. एक सेल निसटला आणि घरंगळत वहिनींच्या दाराशी गेला. वहिनी तिथेच उभ्या होत्या.

"कशाला काढताय?"

"पुरे झालं, वहिनी. नाही जमायचं मला."

"मी ऐकलं सगळं."

"मग तरी..."

"मग काय, भीती वाटते. मला तर तुमच्या आधीपासून वाटते, वन्सं. त्या गाडीचा आवाज आला की मी दाराची कडी पुन्हा बघून येते." वहिनींनी गुडघ्यावर हात ठेवून वाकून सेल उचलला. "उद्यापासून मी एकटी फिरायला जाणार नाही. तुमच्याबरोबर येईन प्रचाराला. हळूहळू चालेन. घाबरायचंच आहे तर दोघींनी मिळून घाबरू."

बाई रडल्या. मग सेल परत घातले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तिघे एका अरुंद गल्लीत होतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. समोरून दादांची मिरवणूक आली. मागे वळावे तर मागे ती राखाडी गाडी. या वेळी तिची दारे उघडली. चार-पाच जण उतरले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. ते फक्त जवळ येत राहिले, आणखी जवळ, आणि बाईंची पाठ भिंतीला टेकली. गोडबोल्या सगळ्यांत पुढे होता. "बाई, दमलात तुम्ही. द्या तो इकडे," म्हणून त्याने मला हिसकावले आणि जमिनीवर आपटले. माझी कड आत गेली. कुणाचा तरी बूट माझ्यावरून गेला. उशी फाटून कापूस गल्लीभर उडाला. माणसांच्या पायांतून मला बाईंची चप्पल दिसत होती. एकच. दुसरी निसटली होती. मला वाटले, आता संपले.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या हाताने मला उचलले. वहिनी! आयुष्यात त्या माझ्यातून कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला उलटेच धरले, मग सरळ केले, खटका दाबला. आधी नुसते दात वाजलेले ऐकू आले. तेही गल्लीभर.

"पहिल्या... पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई! खिडकीत या! वर, गच्चीखालच्या मास्तरांना सांगा, खिडकीत या! डॉक्टरीणबाई, तुम्ही घरात आहात, मला माहीत आहे. खाली येऊ नका. काही करू नका. नुसतं बघा! इथे माझ्या नणंदेला घेरलंय. नुसतं बघा हो!"

आवाज फाटत होता. मी जितका थरकाप होता तितका सगळा मोठा करून बाहेर टाकला. माझ्या हाती तेवढेच होते.

गल्ली गप्प राहिली. मग वर कुठेतरी कडी सरकली. एक पडदा हलला. शिंपीणबाई खिडकीत आल्या, गळ्यात मापाची पट्टी, चेहरा पांढराफटक. त्यांच्यासमोरची खिडकी उघडली. मग वरची. मग कोपऱ्यावरची. कुणी ओरडले नाही, कुणी घोषणा दिली नाही. घाबरलेली माणसे खिडक्यांत उभी राहून बघत होती, एवढेच. गोडबोल्याने वर पाहिले. केसांवरून हात फिरवला. "गैरसमज होतोय तुमचा," असे काहीतरी पुटपुटला आणि मागे सरला. बाकीचेही सरले. बाईंनी चप्पल शोधली, पण पायात घालता येईना. वहिनींनी खाली बसून ती घातली.

मित्रांनो, बाई जिंकल्या असे सांगायला मला फार आवडले असते. त्या हरल्या, आणि चांगल्याच हरल्या. मैदानावर दुकाने उभी राहिली. एका कोपऱ्यात थोडी जागा उरली आहे, तिथे बाई संध्याकाळी पोरांना पळवतात. राखाडी गाडी पुन्हा आली नाही, तरी रस्त्यात एखादी गाडी मागे हळू झाली की बाईंची मान अजून वळते. भीती निकालाच्या दिवशी संपत नाही, हे मला तेव्हा कळले. एक मात्र बदलले. मोठ्या चौकात वहिनी रस्ता ओलांडू लागल्या की शिंपीणबाई त्यांच्या बाजूने चालतात. कधी डॉक्टरीणबाई. बोलत फारसे नाहीत.

मी आता फक्त खरखरतो. दुरुस्तीवाला म्हणाला, टाकून द्या. वहिनी त्याच्यावर डाफरल्या. त्या मला मऊ फडक्याने पुसतात, गंजू नये म्हणून सेल काढून वेगळे ठेवतात. तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल, तर एवढे त्याच्यासाठी करा. आणि आणखी एक मागणे आहे. कधी तरी तुमच्या गल्लीतून एखादा घाबरलेला आवाज येईल. तुम्हीही घाबराल. घाबरा. पण पडदा बाजूला करा आणि खिडकीत उभे राहा.