दुसरी हाक

खोई मासेमारीला होआंग सा बेटांकडच्या समुद्रावर गेला तो परतलाच नाही. कुणी म्हणे वादळ, कुणी म्हणे मोठ्या जहाजाची धडक. वर्ष होत आलं, तरी त्याच्या बायकोनं, थोआनं, त्याला मातीत निजवायला हो म्हटलं नव्हतं. बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही की आमच्या ली सोन बेटावर त्याची मातीची मूर्ती करतात, समुद्राकडे तोंड करून त्याला हाक मारतात, आणि आत्मा मूर्तीत आला की ती पुरतात. पुरला की माणूस मेला. थोआला तेच नको होतं.

सासू मात्र हट्टालाच पेटली होती. "त्याला बापाशेजारी निजलेला बघू दे, मग मी सुखानं डोळे मिटते. तिकडे पाण्यात गारठतोय गं माझा पोर."

"कुठल्यातरी बंदरात अडकला असेल, आई."

"आणि वर्षभरात बायकोला एक निरोप नाही?"

शेवटी थोआनं होकार दिला.

नेमकी तेव्हाच परदेशी टीव्हीवाली मंडळी टपकली. या समुद्रावरून देशादेशांत जुंपली की त्यांना आमचं बेट आठवतं. एरवी शेतातला लसूण सडला तरी इकडे कुणी ढुंकून बघत नाही.

पुजाऱ्यानं तुतीच्या काड्यांची हाडं केली, त्यावर डोंगरावरची माती लिंपली. खोईच्या डाव्या भुवईतली खाच थोआनं स्वतः नखानं कोरली. किनाऱ्यावर पहिली हाक बायकोनं द्यायची, पण तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मग सासूच पुढे झाली. "खोई, ये रे बाळा, घरी ये."

"आला," पुजारी म्हणाला. मूर्ती खोईच्या बापाशेजारी पुरली. त्या दुपारी म्हातारी कितीतरी महिन्यांनी पोटभर पेज जेवली आणि आडवी झाली.

तेवढ्यात टीव्हीवाली बाई दुभाष्याला घेऊन दारात. "सकाळी बायकोची हाक मिळालीच नाही," दुभाष्या म्हणाला. "किनाऱ्यावर एकदा मारता का? सगळं जग ऐकेल, ताई."

सगळं जग. थोआच्या काळजात लख्ख झालं. कुठल्यातरी परक्या बंदरात, कुठल्यातरी खानावळीत टीव्ही चालू असेल आणि समोर खोई जेवत बसला असेल तर? ती चपला न घालताच निघाली.

सकाळी अडलेला आवाज आता असा फुटला की नावा रंगवणारी माणसं हात थांबवून बघत राहिली. "खोई, मी आहे इथे. ये, परत ये." बाईनं पुरे म्हटलं तरी ती थांबेना.

मागे वळली तर काठी टेकत सासू उभी. शिव्या घालील असं वाटलं होतं. म्हातारी हळूच म्हणाली, "अगं, आत्ता तर मी त्याला निजवलं होतं. उठवलंस ना?"

दोन दिवसांनी बातमी लागली. शेजारपाजार गोळा झाला. आधी नकाशा, त्यावर लाल रेघा, मग जहाजं, मग टाय लावलेला एक तज्ज्ञ तेलाबद्दल आणि व्यापाराच्या वाटांबद्दल बोलत होता. मध्येच थोआ दिसली, तोंड उघडलेलं, केस उडताहेत. तज्ज्ञाचं बोलणं तिच्या चित्रावरही चालूच राहिलं. लगेच फुटबॉल लागला.

"छान दिसलीस हो," शेजारीण म्हणाली.

सासू रिमोट घेऊन आवाज वाढवत बसली. "तुझी हाक कुठाय गं?"

"घेतली नाही त्यांनी, आई."

खोई जिवंत असेल तर त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. आणि मेला असेल तर त्यानं तिची हाक ऐकली होती, आणि तो मातीतून उठून पुन्हा पाण्याकडे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सासूनं खोईसाठी भाताचा वाडगा भरला. थडग्याकडे जाणारी वाट सोडून ती किनाऱ्याकडे वळली. थोआ तिचा हात धरून बरोबर गेली, आणि दोघींपैकी कुणीही हाक मारली नाही.