चढण आणि गोटा

"बैलांना आज सोमवार हाय, तुमाला न्हाई व्हय?" केशर दारातून ओरडली. पण तिचा नवरा लखू तोवर देवळाच्या चढणीवर अर्ध्यात पोचला होता.

सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा कुंभारवाड्याचा नेम. इतर दिवशी लखूची जोडी जंगलातून सागाचे ओंडके ओढायची, सोमवारी गोठ्यात रवंथ करत बसायची. म्हणजे लखूलाही सुट्टी. पण सुट्टी फुकट घालवेल तो लखू कसला! छाती फुटेस्तोवर चढण पळायची, हाशहुश करत खाली यायचं, दम खातो न खातो तोच पुन्हा पळायचं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून घरी येऊन अंगणातला दगड उचलायचा. इतर दिवशीही ओंडके ओढून आल्यावर हेच.

हा सगळा आटापिटा जत्रेसाठी. देवळाच्या पायथ्याला एक काळा गुळगुळीत गोटा होता. तो खांद्यावर घेऊन, कुठं न टेकवता जो चढण पळत जाईल, त्याला पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान. नवा गडी वर पोचला की जुन्या मानकऱ्यानं दांडा सोडायचा. लखूच्या बापानं तो मरेपर्यंत धरला होता. त्यानंतर शेजारच्या दिग्गी गावच्या नागूनं जो धरला तो धरलाच. लखूच्या कानशिलावरचे केस आता पिकू लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

आणि नेमका यंदाच घात होत होता. दिवाळीत खांद्यावर बसणारा अंगणातला दगड आता छातीवरच अडायचा. पाय जड झाले, झोप उडाली, भाताचा घास गोड लागेना. दगड जितका अडे, तितका लखू चिडून त्याच्यावर तुटून पडे.

केशरचा चुलता झिलूअप्पा एकेकाळी तोच गोटा वर नेणारा. एकदा तो कुंपणापाशी थांबला.

"लखू, पळतोस त्या दिशी दगडाला शिवू नको. दगड उचललास त्या दिशी पळू नको. आनि मदी एक दीस नुसता पडून ऱ्हा."

"पडून ऱ्हाऊन कुनाला बळ आलंय, अप्पा?"

"मला आल्तं."

"मग तुमीच पडा जावा! आता तेवढंच ऱ्हायलंय तुमाला."

म्हातारा निघून गेला. केशरनं कपाळावर हात मारून घेतला.

जत्रेच्या आदल्या दिवशीही लखू पळाला. नागू मात्र मेहुण्याकडं पाहुणचार झोडत लोळतोय असं कानावर आलं, तेव्हा लखूला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी नागूनं गोटा वर नेला आणि भोपळा आणावा तसा खाली आणून ठेवला. मग लखू वाकला. गोटा मांडीवर आला, पोटावर आला, छातीवर अडला. कसाबसा खांद्यावर घेऊन तो पळत सुटला. वळणावर पोटरीत कचकन काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि गोटा धाडकन रस्त्याकडेला पडला.

"बसला रे गडी!" कुणीतरी ओरडलं. हसण्याचा फवारा उडाला. लखू चारचौघांत रडला.

नागूनंच त्याला धरून उठवलं. "लखूभाव, गेल्या सालापरीस वाळलास रे. जेवत न्हाईस काय?"

शिवी दिली असती तर बरं, असं लखूला झालं. ज्याच्या हातून गोटा पडला त्यानंच तो पायथ्याशी नेऊन ठेवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ही रीत. "पाय बरा झाला की ठेव," नागू म्हणाला.

मग लखू घोंगडीवर पडून राहिला. बैल शेजाऱ्यानं हाकले. झिलूअप्पा येऊन पोटरी चोळून द्यायचा. आपण सांगितलं होतं असं एकदाही म्हणाला नाही, त्याचाच लखूला जास्त राग यायचा. खायचं, झोपायचं आणि स्वतःला शिव्या घालायच्या, एवढंच काम उरलं होतं.

होळी झाल्यावर पाय ठणठणीत झाला. हसायला कुणी नको म्हणून लखू भर दुपारी एकटाच वळणावर गेला. दात आवळून वाकला, गोट्याला मिठी घातली. गोटा मांडीवरून थेट खांद्यावर आला. कुठं अडला नाही.

लखूनं तो खांद्यावर नीट बसवला. मग पायथ्याशी उतरला आणि गोटा खाली न ठेवताच वळून चढण पळत सुटला. वळण गेलं. पाय अडखळले नाहीत. तो थेट देवळाच्या पायरीशी जाऊन थांबला.

देवळाला कुलूप होतं. पालखी आत होती. "आलो की रं मी!" लखू ओरडला, आणि त्याला स्वतःचाच असा संताप आला की गोटा दरीत भिरकावून द्यावा.

त्यानं तसं केलं नाही. तो सावकाश खाली उतरला. गोटा त्याच्या जागी अलगद ठेवला, डोक्याचं मुंडासं सोडून त्यावरची माती पुसली, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिला.