खरवडलेली ओळ

इतिहास कुणालाही क्षमा करत नाही. आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाने तर तसा ठरावच केला, सात विरुद्ध शून्य मतांनी. कमिटीचे आठवे सभासद पार्किंग शोधत होते.

ठराव कमलाकररावांविरुद्ध होता. मंडळाचे हे संस्थापक अध्यक्ष अडुसष्टाव्या वर्षी बायकोला सोडून, नाटकात प्रॉम्प्टिंग करणाऱ्या नीनाबाईंबरोबर एडिनबराला राहायला गेले. त्यांचं नाव स्मरणिकेतून, वेबसाइटवरून आणि बोलण्यातूनही काढायचं ठरलं. जुन्या ग्रुप फोटोतून सेक्रेटरी श्रीकांतने त्यांना कात्रीने कापलं. बायकोच्या, म्हणजे लीलावतीकाकूंच्या, खांद्यावर त्यांचा हात तेवढा राहिला. हे सगळं काकूंच्या भावना जपण्यासाठी. काकूंना विचारायचं मात्र राहून गेलं.

२००५च्या सहलीला आम्ही रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीकडे गेलो. तिथल्या म्युझियममध्ये एका दगडावरची एक ओळ छिन्नीने खरवडलेली होती. रोमन सम्राटाने भावाला मारलं आणि मग साम्राज्यभरच्या दगडांवरून त्याचं नाव काढायला लावलं, असं मी पाटी वाचून काकूंना सांगितलं.

"त्याचीही कमिटी होती का रे, जयंत?"

सगळे कॅफेत गेले तरी काकू दगडापाशीच.

"काकू, चहा गार होतोय."

"मी यांना जन्मभर 'अहो'च म्हटलं. नाव लोकांच्या तोंडून ऐकायची. दारात, फोनवर, स्टेजवरून. दोन वर्षं झाली, कोणी घेतच नाही. कान नुसते वाट बघतात."

मी चहा आणायला गेलो. ठरावाला अनुमोदन माझं होतं.

परतताना कोचमध्ये मंजिरीने उखाण्यांसाठी माइक फिरवला. काकूंपाशी येऊन ती अडखळली. "काकू, तुम्ही एखादं भजन म्हणता का?"

काकूंनी माइक घेतला.

"छिन्नीने खरवडलं तरी दगडावर राहते खाच,
कमलाकररावांचं नाव घेते, सोसून मंडळाचा जाच."

कुणी टाळी वाजवली नाही. श्रीकांत मोटरवेकडे बघू लागला.

"मागे ऐकू आलं का?" असं विचारून काकूंनी उत्तराची वाट न बघता पुन्हा नाव घेतलं. या वेळी उखाण्याशिवाय, नुसतंच. मग आणखी एकदा, हळू.

"हे मिनिट्समध्ये घ्यायचं नाही," श्रीकांत माझ्या कानात म्हणाला.

कमलाकररावांचं नाव त्या वर्षी एडिनबराच्या टेलिफोन डिरेक्टरीत होतं, पत्त्यासकट.