अकरा खुर्च्या

खोलीत अठरा लाकडी खुर्च्या होत्या. त्यांतल्या अकरा डुगडुगत होत्या. माणसं नऊ, चहाची किटली एक, बेसिनवरचा नळ एक, न गळणारा. आणि भिंतीवर एक बंद घड्याळ.

ही खोली मला आणि मामाला दुसऱ्या प्रयत्नात सापडली. फोनवर एवढंच कळलं होतं की वाचनालयाच्या मागे यायचं, पाटी नाही, दार उघडंच असतं. आधी जे दार उघडं दिसलं त्यात लोक गोल करून बसलेले होते. मामाने घरी आरशासमोर घोटलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "मी सुतार आहे आणि मी दारुडा आहे."

ती पालकसभा होती. बाई म्हणाल्या, "बसा ना. कितवीत आहे तुमचं?"

योग्य खोलीत आल्यावर मामा ते वाक्य गिळून खुर्ची डुगडुगवत बसला. दारू सोडण्याच्या शपथा घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, पण कुठल्याही डॉक्टरकडे तो तिसऱ्यांदा गेला नव्हता. या वेळी मामी थेट आमच्या घरी निघून आली होती. "हे सलग जाऊन दाखवतील तेव्हा मी परत जाईन," असं म्हणून तिने माझा पलंग आणि कपाटातले तीन कप्पे ताब्यात घेतले. तिचा संसार आणि माझी खोली, दोन्ही आता मामाच्या हातात होतं. आणि मामाने हात खिशात घातले होते.

दारू सोडणाऱ्यांची ही बैठक चालवणारे गृहस्थ बसचे निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांनी विचारलं, "काही बोलायचंय?"

"हो," मामा म्हणाला. "या खुर्च्या कोणी केल्या? त्याला आधी इथे आणा."

सगळे हसले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "पुढच्या वेळी हत्यारं घेऊन या. पण एका बैठकीत एकच खुर्ची. नियम आहे."

"अहो, दोन तासांत सगळ्या उडवतो!"

"नियम म्हणजे नियम."

मामा पुढच्या आठवड्यात गेला. तिसऱ्याही. चहाच्या वेळी एक खुर्ची उलटी करून तो सांध्यात डिंक भरायचा, स्क्रू आवळायचा आणि मग तिच्यावरच बसून दुसऱ्यांचं ऐकायचा. पाचव्या खुर्चीवर तो स्वतःबद्दल बोलला. फार नाही, पण खरं.

मामी नाक मुरडायची. "दारू सोडायला जातात की धंदा करायला?"

मला वेगळीच काळजी होती. अकरा खुर्च्या म्हणजे अकरा आठवडे. बारावी खुर्ची नसेल तेव्हा मामा कशासाठी जाईल? मी दर बैठकीत खुर्च्या हलवून मोजू लागले. नऊ दुरुस्त झाल्यावर दोन उरायला हव्या होत्या. उरल्या चार.

लाकूड दमट हवेत फुगत असेल, असा मी अंदाज बांधला. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करत असल्याने मला कुठेही दमटपणाच दिसतो. मी दुरुस्त खुर्च्यांच्या स्क्रूंवर खडूच्या रेघा ओढल्या. पुढच्या वेळी दोन रेघा फिरलेल्या होत्या. दमट हवा स्क्रू फिरवत नाही.

म्हणून त्यानंतर मी लवकर गेले. ड्रायव्हरकाका एका खुर्चीखाली आडवे झाले होते, हातात पेचकस.

"दार लाव आधी," ते म्हणाले. "मी इथे नवा होतो ना, तेव्हा या बैठकवाल्यांकडे एक जुनी व्हॅन होती. दर आठवड्याला बंद पडायची, आणि दुरुस्त करायचो मी. वर्षभर. मला वाटायचं, काय भंगार गाडी आहे!"

मला राहवलं नाही. घरी जाताना मी मामाला सांगून टाकलं.

"माहितेय," मामा म्हणाला. "मी आवळलेला स्क्रू आपोआप ढिला होईल? येडा समजतेस का मला?"

"मग बोलला का नाहीस?"

"अगं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात. तरी वाकतो बिचारा. बोलून कसं चालेल?"

एका सकाळी मामीने माझ्या कपाटातले दोन कप्पे रिकामे केले आणि संध्याकाळी ती आमच्याबरोबर बैठकीला आली. मामाने पुढे केलेल्या खुर्चीवर ती आधी जरा हलून बसली, मग नीट टेकली.

त्याच दिवशी एक नवा माणूस आला. बायकोने दारापर्यंत सोडलेला. प्लंबर आहे, एवढंच बोलला आणि दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसला. नजर सतत बाहेर.

मामाने त्याच्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकाकांकडे. मग "कप विसळून येतो," म्हणत तो बेसिनकडे गेला. कप त्याने नेलेच नव्हते. पाना मात्र नेला होता.

चहा होईपर्यंत प्लंबरची मान तीनदा बेसिनकडे वळली. शेवटी तो उठला, नळापाशी वाकला आणि म्हणाला, "हे कोणी बसवलंय हो? वायसर उलटा आहे!"

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," मामा म्हणाला. "पुढच्या वेळी हत्यारं घेऊन या."

सगळे गेल्यावर मी पिशवीतलं मोजपात्र नळाखाली धरलं. मिनिटाला चोवीस थेंब. दहा मिनिटांत बारा मिलिलिटर.