लाइनमनचं कुलूप

“या दोघांचं जमणार नाही,” स्टुलावर उभ्या असलेल्या फिटरबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या जुन्या इन्व्हर्टरचं झाकण परत लावू लागल्या.

खाली नवी बॅटरी उभी होती, अजून अर्धी खोक्यातच. ती मुलीने आणली होती. कुठल्याही सोलरला चालते, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. दुकानदारांच्या छातीला ठोकून घ्यायची सवय असते. मुलगी कपाळाला हात लावून पायरीवर बसली. तिचे वडील दाराशी उभे होते. त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते उगाच छपराकडे बघत होते.

सगळी गल्ली त्यांना लाइनमन म्हणायची. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. जन्म खांबांवर चढण्यात गेला. छपरावर सोलरची पॅनल बसवली तीही त्यांनीच पुढे होऊन, आणि तेव्हा इन्व्हर्टर घेताना एकच गोष्ट विचारली होती: लाइन गेली की हा बंद पडतो ना? पडतो, असं कळल्यावर त्यांनी तो घेतला. लोकांच्या मते तो त्याचा दोष होता. बाहेर ऊन रणरणतंय, छपरावर पॅनल चमकताहेत, आणि रस्त्यावरची लाइन गेली म्हणून घरातला पंखाही गप्प. शेजारी हसायचे. “इमानदार आहे,” लाइनमन म्हणायचे. “लाइन मेली की हा पण मरतो.”

या हट्टामागे एक माणूस होता. तरुणपणी त्यांचा एक जोडीदार होता. दोघे एकाच डब्यात जेवायचे आणि एकमेकांच्या नावाने शिव्या खायचे. एकदा दुरुस्तीसाठी लाइन रीतसर बंद केली, जोडीदार वर चढला, हे खाली शिडी धरून उभे राहिले. तेवढ्यात आसपासच्या कुणीतरी लाइट गेली म्हणून घरचा जनरेटर चालू केला, घर लाइनपासून वेगळं न करता. ती वीज घरातून उलटी बाहेर आली आणि मेलेल्या तारेत शिरली. जोडीदार खाली आला, पण शिडीने आला नाही. पुढे चौकशी झाली. घर कुठलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या घरात ते घडलं तिथल्या लोकांनाही बहुधा कळलं नसेल; ते पंख्याखाली निवांत बसले असतील. त्या दिवसापासून लाइनमनला एकच भीती होती: ते घर उद्या आपलं असू नये.

हे सगळं निभलंही असतं. पण बायकोच्या फुप्फुसांनी संप पुकारला, आणि खाटेशेजारी हवेतून प्राणवायू ओढून देणारं मशीन आलं. ते दिवसभर गुरगुरायचं आणि त्याची नळी तिच्या नाकात असायची. गेल्या महिन्यात भर दुपारी लाइट गेली. जवळचा छोटा सिलिंडर काढला तर त्याची चावी फिरेना. मुलगी शेजाऱ्यांकडे पाना आणायला धावली. चावी फिरेपर्यंत आईचे ओठ निळे पडले होते. छपरावर तेव्हा लख्ख ऊन होतं. मुलगी वडिलांना काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन बॅटरी घेऊन आली.

आणि आता फिटरबाई सांगत होत्या की हे विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. जुन्या इन्व्हर्टरला बॅटरी लावायला जागाच नाही. जुना काढून नवा बसवावा, नाहीतर मधे एक डबा टाकावा. लाइन गेली की हा डबा घराला रस्त्यापासून तोडेल आणि बॅटरी घरापुरती लाइन तयार करेल. जुन्याला वाटेल लाइन आली, मग तोही छपरावरची वीज देऊ लागेल.

“म्हणजे त्याला फसवायचं,” लाइनमन म्हणाले.

“समजूत काढायची, काका.”

“आणि तुमच्या डब्याने तोडलंच नाही तर?”

फिटरबाई हसल्या नाहीत, म्हणून त्या पुढे या घरात टिकल्या. आत दोन खटके असतात, एक चिकटला तरी दुसरा सुटतो, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही चिकटले तर, असं लाइनमनने विचारलं. मग डबा चालूच होत नाही, बाई म्हणाल्या. हे तुम्ही म्हणता, लाइनमन म्हणाले. मुलगी पायरीवरून उठून उभी राहिली.

“बाबा, तुमचा माणूस जाऊन किती वर्षं झाली. आई अजून आहे.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. लाइनमन भिंतीकडे बघत राहिले.  मग खाटेवरून आवाज आला, थांबत थांबत, कारण तिला एका श्वासात एवढंच बोलता यायचं.

“अहो, इकडे या.”

ते जाऊन खाटेशी बसले.

“तुम्ही खांबावर असायचा, तेव्हा मी दाराकडे बघत बसायचे. आता या मशीनकडे बघत बसते.” तिने दम घेतला. “तुम्ही परत यायचा, कारण कुणीतरी खाली शिडी धरून उभं असायचं. मग आता धरा ना.”

लाइनमनने तिच्या नाकाजवळची सरकलेली नळी नीट केली. ती म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झालाय, आणि स्वतःच खोकेपर्यंत हसली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांची एकच अट होती. डबा बसवा, पण बाहेरच्या भिंतीवर, मीटरशेजारी, हाताने ओढायचा एक मोठा खटका हवा, काचेतून पाती सुटलेली दिसतील असा. त्याला कुलूप घालायला कडी हवी. डबा आपोआप तोडतो, याची काही गरज नाही, असं फिटरबाईंनी एकदा सांगून पाहिलं.

“तोडतो ते त्याला माहीत,” लाइनमन म्हणाले. “मला दिसलं पाहिजे.”

बाईंनी बसवला. त्यांच्या धंद्यात अशी मागणी कुणी केली नव्हती. जाताना त्यांनी त्या खटक्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. लाइनमनने ट्रंकेतून नोकरीतलं पितळी कुलूप काढलं, तेल घालून मोकळं केलं. त्यांच्या कामाची रीत अशी होती की तारेवर काम करणाऱ्याने खाली बंद केलेल्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग साहेब आला तरी लाइन चालू करू शकत नसे.

त्यानंतर लाइट गेली ती एका पावसाळी दुपारी. घरात कुणाला कळलंही नाही. मशीनचा सूर क्षणभर पडला आणि पुन्हा लागला. मुलीने आईकडे पाहिलं. आई झोपली होती आणि ओठ होते तसेच होते. मुलगी तिथेच भिंतीला टेकून बसली आणि रडली. त्या दुपारपासून तिचं ते राहून गेलं होतं.

लाइनमन मात्र बाहेर गेले होते. त्यांनी दांडा ओढला, काचेशी डोळा लावून सुटलेली पाती पाहिली, कुलूप घातलं. मग छत्री घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. तिथे खांबाला शिडी लावलेली होती आणि एक चाळिशीचा माणूस कमरेचा पट्टा आवळत होता. त्याचा सोबती गाडीत फोनवर कुणाशी तरी भांडत होता. लाइनमनने किल्ली पट्टा आवळणाऱ्यापुढे धरली.

“त्या माझ्या घरात बॅटरीवर वीज चालू आहे. घर लाइनपासून तोडलंय, कुलूप घातलंय. किल्ली तुझ्याकडे राहू दे.”

त्या माणसाने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“काका, आम्ही तपासूनच चढतो.”

“आम्हीही तपासूनच चढायचो.”

 त्याने किल्ली घेतली, शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि चढू लागला. लाइनमनने छत्री मिटून खांबाला टेकवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. पाऊस मानेवरून आत जात होता. वरचं काम लांबलं. तार जोडून झाली, तो एकेक पायरी उतरत आला आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

त्या माणसाने खिशाचं बटण उघडून किल्ली परत दिली. “आता लावा खटका,” तो म्हणाला.