टेपात न बसलेलं नाव

लोकं म्हणत्यात, फुलाबाई टेपाला शिव्या देती. देती की! कुणाच्या बापाची भीती हाय का मला?

मंद्रूपच्या अलीकडं आमची धनगरांची वाडी. दर आमुशाला दिवस कलला की बिरुबाच्या देवळाम्होरं ओव्या व्हायच्या. माझं थोरलं दीर बिरप्पा म्होरं गायचं, आन् आमचा मालक धुळा मागं झील धरायचा. म्होरल्यानं ओवीची वळ टाकायची, मागल्यानं ती उचलायची. चाळीस वर्सं दोघा भावांनी हेच केलं. अंगात ताप असला तरी मालक घोंगडं पांघरून जायचा.

शेवटाला गाणाऱ्यानं नावं घ्यायची. देवाचं, गुरूचं, आपलं आन् मग झीलकऱ्याचं. ज्याचं नाव राहिलं त्याची सेवा देवाला पोचत न्हाय, असं आमच्यात मानत्यात. कवा इसरलंच तर म्होरल्या आमुशाला पयलं त्येचं नाव घ्यायचं, गाणाऱ्यानं सोताच्या कपाळाला भंडारा लावायचा. झालं, मिटलं.

अठ्ठ्याहत्तर साली बिरप्पा भावजींचा ल्योक सिदू टेपरेकॉर्डर घिऊन आला. अक्कलकोट रोडला टावेलाच्या मागावर कामाला हुता त्यो. म्हणाला, "आबा, तुमचा आवाज ह्यात धरून ठिवतो."

सगळी वाडी गोळा झाली. दोघं भाऊ अशी गायली, अशी गायली, की माजं डोळं भरून आलं. पर शेवटाला सिदू हात हालवाय लागला. कॅसेट संपत आलीवती. भावजी गडबडलं. देवाचं नाव घेतलं, गुरूचं घेतलं, आपलं घेतलं, आन् खाट्‌कन बटण वर आलं. धुळाचं नाव ऱ्हाऊन गेलं.

मालक हसला. म्हणाला, "दादा, म्होरल्या आमुशाला घे."

"घेतो की. पयलं तुजंच घेतो," भावजी म्हणालं.

म्होरली आमुशा आली. मालकानं आंघूळ केली, पटका बांधला. देवळात गेला तर तितं टेप चालू. पंच म्हणालं, "धुळाबा, कशाला नरडं फोडून घेताय? बसा, आइका निवांत." सिदूनं कर्णा आणलावता. माणसं लई खूश! तंबाकू मळत समदी ऐकत बसली. भावजीबी बसलं. आपलाच आवाज कर्ण्यातनं ऐकून मान हालवत हुतं, खोटं कशाला बोलू?

त्या दिसापास्नं ओव्याच बंद झाल्या. दर आमुशाला टेप. दर आमुशाला तीन नावं. मालक जायचा, ऐकायचा, घरला येऊन भाकर खायचा. म्या म्हणलं, "भावजीस्नी सांगा की! तोंड न्हाय का तुमास्नी?" त्यो म्हणाला, "मागून घेतलेलं नाव काय कामाचं?" अशी वर्सभर वाट बघितली. दिवाळीच्या आदल्या हप्त्यात छातीत कळ आली आन् गेला.

चैतात यात्रा आली. भर दुपारी पालखी टेकली, सिदूनं टेप लावला. म्या बायकांत बसलीवती. शेवट आला. देव, गुरू, बिरप्पा. तेवढ्यात भावजी उठलं आन् कर्ण्याखाली उभं ऱ्हाऊन वरडलं, "धुळा! माजा धुळा!"

टेप संपलावता. सिदू गडबडीनं कॅसेट उलटी घालाय लागला. भावजींनी त्येचा हात धरला, आपल्या कपाळाला भंडारा लावला आन् कानावर हात ठिवून सोताच ओवी धरली. आवाज फाटलावता. पयल्याच वळीत धुळाचं नाव घेतलं. वळ टाकली आन् थांबलं.

झील कुणी उचलली न्हाय.

समद्यांस्नी ओवी तोंडपाठ हुती. दर आमुशाला ऐकलीवती की! पर जो त्यो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत हुता. भावजींनी तीच वळ परत टाकली. परत थांबलं. मान मागं वळवून बघितलं, जितं मालक उभा ऱ्हायचा तितं.

झील माज्या तोंडात आलीवती, वटापातूर. पर बाईमाणसानं देवाम्होरं कसं गायाचं, म्हणून म्या पदर तोंडात घातला. लाज वाटली मला. चाळीस वर्सं ज्याच्यासंगं संसार केला, त्येच्यासाठी एक वळ म्हणाय लाज वाटली.

भावजी खाली बसलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "लाव रं सिदू टेप."

आन् त्यानं लावला.