एकच कोरी कॅसेट

सोमवारी आईच्या घशाचं ऑपरेशन होतं. "आवाज राहीलच असं नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. शिलाई मशीनवर बसली की आई एक गाणं म्हणायची. तिचं तिनंच रचलेलं, कुठंही न लिहिलेलं. ते रविवारी दुपारी रेकॉर्ड करायचं ठरलं.

"फोनवर घे की," ताई म्हणाली.

फोन! फोनवरचा आवाज म्हणजे पत्र्यावर चमचा. मला जुन्या टेपची ऊब हवी, असं मी आईलाही ऐकवलं, पण खिसा तर फाटका. म्हणून रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एक जुनापुराणा टेपरेकॉर्डर उचलून आणला. कोरी कॅसेट त्याच्याकडे एकच होती.

"त्यावरच परत परत घ्या, आधीचं आपोआप पुसतं," तो म्हणाला.

भिंतींना गाद्या टेकवल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. घाम टिपत आईनं सुरुवात केली. दोन ओळी होतायत तोच कुठूनतरी घूं घूं.

"आई, थांब. पुन्हा."

घूं घूं वायरीची निघाली. ती बदलली तर आवाज फाटला. माइक लांब नेला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग खाली कुणीतरी मोटारसायकलला किका मारत बसला. दर वेळी मी कॅसेट मागे नेत होतो आणि दर वेळी डोकं जास्तच तापत होतं. शेवटी आईची खुर्ची मी उघड्या कपाटासमोर ठेवली, कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून.

"आता साड्यांना गाणं ऐकवू होय रे?" ती हसली आणि हसता हसता खोकली.

"माइकच भिकार आहे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताईनं दारातून सुनावलं. "दमलीये ती. पुरे कर."

अकराव्या वेळी आईनं डोळे मिटून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मी ऐकून बघितलं. तिसऱ्या कडव्यात आवाज किंचित चिरला होता. किंचितच.

"आई, एकदाच. शेवटचं."

मी कॅसेट मागे नेली. दोन ओळींनंतर तिचा घसाच बसला. मी पाणी दिलं, समजावलं, चिडलो. त्या सगळ्या वेळात टेप फिरत होती आणि अकरावं गाणं पुसलं जात होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळं मुसळ केरात.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

घरी आल्यावर आईनं खुणेनं कॅसेट लावायला सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लावली. दोन ओळी, खोकला आणि पुढे मीच. "पाणी पी. आता म्हण. असं नाही गं, वरून घे. पुन्हा." स्वच्छ, भरदार, कुठं घूं घूं नाही की काही नाही.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि मशीनवरच्या काळ्या कापडावर लिहिलं, 'ऊब आली रे. तुझ्या आवाजाला.'